गच्चीवरची वीज आणि 31 मार्च

लातूर-नांदेडकडे हल्ली कुठल्याही गच्चीवर चढा, शेजारी एकतरी सोलार दिसतंच. आपल्या लहानपणी लोडशेडिंगच्या रात्री याच गच्च्यांवर अंथरुणं पडायची. आता तिथूनच वीज लाईनमध्ये परत जाते. मग तिचा हिशोब कसा होतो?

गंमत म्हणजे ही पद्धत आधी मीटरने दाखवली, कायदा मागून आला. जुन्या मीटरमध्ये फिरती चकती असायची. वीज बाहेर जायला लागली की चकती उलटी फिरायची, आकडा आपोआप कमी! अमेरिकेत 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या दोन इमारतींवर असा हिशोब सुरू झाला. 1983 मध्ये मिनेसोटा राज्याने तसा कायदाच केला.

आपल्याकडे हे यायला 2015 उजाडलं. त्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम काढले. डिसेंबर 2019 मध्ये नवे आले. 2024 च्या 'पीएम सूर्यघर' योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळायला लागलं, आणि गच्च्या भरल्या.

नेट मीटर दोन आकडे ठेवतो: घेतलेली वीज, दिलेली वीज. समजा जानेवारीत तुम्ही 120 युनिट घेतले आणि 200 दिले. विजेचं बिल शून्य (स्थिर आकार भरावाच लागतो), आणि 80 युनिट पुढच्या महिन्याला जमा. म्हणजे युनिटच्या बदल्यात युनिट. इथपर्यंत झकास.

पण 31 मार्चला काउंटर रिसेट होतो! वर्षाअखेर उरलेले युनिट वीज कंपनी विकत घेते, पण आयोगाने ठरवलेल्या खरेदीदराने. आपण ज्या दराने वीज घेतो त्या दराने नाही. आता मराठवाड्याचं हवामान आठवा. हिवाळ्यात आभाळ स्वच्छ, पंखे बंद, त्यामुळे युनिट साचतात ते नेमके डिसेंबर ते मार्च. आणि एप्रिल-मेमध्ये कूलर, एसी रात्रभर चालतात तेव्हा जमाखातं नुकतंच शून्य झालेलं असतं. आर्थिक वर्ष हिशोबनिसांच्या सोयीचं, उन्हाळ्याशी त्याला काय घेणंदेणं?

नांदेडच्या मामांनी हे गणित कळल्यावर 5 किलोवॅटचा बेत सोडून 3 चं सोलार बसवलं. जास्तीची वीज स्वस्तात देऊन काय करू, म्हणाले. आता फेब्रुवारीत ते सगळ्यांच्या रजया, सतरंज्या दुपारीच मशीनमध्ये टाकतात, अन् मामी वैतागते.