अजिंठा घाटाच्या माथ्यावरचे शहर

बऱ्हाणपूरहून छत्रपती संभाजीनगरला मोटारीने यायचे तर आज सकाळी निघून दुपारी पोहोचता येते. सतराव्या शतकात हाच प्रवास आखताना वेगळे प्रश्न पडत. तापी आणि पूर्णेला उतार मिळेल का, काळ्या मातीत गाड्या रुततील का, बैलांना पाणी आणि वैरण कुठे मिळेल, अजिंठ्याचा घाट दिवसाउजेडी चढून होईल का? शहराचा इतिहास सांगताना आपण मलिक अंबर आणि औरंगजेब या दोन नावांपाशी थांबतो. पण या शहराला मोठेपण दिले ते मुख्यतः खानदेशातून मराठवाड्याच्या पठारावर चढणाऱ्या वाटेने.

ही वाट शहराहून जुनी आहे. मुहंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास दौलताबादला राजधानी नेली. पुढे तिथे आलेल्या इब्न बतूताने दिल्ली-दौलताबाद हा चाळीस दिवसांचा रस्ता दुतर्फा झाडांचा आणि जागोजागी टपाल-चौक्यांचा असल्याचे लिहिले. त्यातली अतिशयोक्ती वजा केली, तरी उत्तरेला दख्खनशी जोडण्यासाठी राज्य रस्त्यावर किती खर्च करत होते, हे कळते. 1601 मध्ये अकबराने खानदेश जिंकल्यावर बऱ्हाणपूर हे दख्खनच्या मोहिमांचे ठाणे झाले. मलिक अंबराने 1610 मध्ये वसवलेली खडकी, म्हणजे हेच शहर, 1621 मध्ये उद्ध्वस्त केली, तीही बऱ्हाणपुराहून निघालेल्या मुघल फौजेने. घाटाच्या पायथ्याशी फर्दापूरला मुघलकालीन सराई आहे आणि घाट चढल्यावर अजिंठा गाव लागते. चढाआधी एक मुक्काम, चढानंतर दुसरा, अशी ती मांडणी होती. त्या काळातल्या प्रवासाचा वेग आणि खर्च फ्रेंच प्रवासी टॅव्हर्नियेने नोंदवला आहे. भाड्याच्या बैलगाडीला दिवसाला साधारण एक रुपया पडे. दहा-बारा हजार बैलांचा बंजाऱ्यांचा तांडा अरुंद वाटेवर समोर आला, तर तो पुढे सरकेपर्यंत दोन-तीन दिवस थांबावे लागे. धान्य आणि मीठ वाहणारे हे तांडे नसते, तर फौजा आणि शहरे दोन्ही उपाशी राहिली असती.

यावर आक्षेप येईल की शहरे वसतात ती राजाच्या इच्छेने. औरंगजेबाने 1653 मध्ये दख्खनच्या सुभेदारीचे ठाणे इथे आणले म्हणून शहर वाढले आणि 1763 मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेल्यावर ते उतरणीला लागले. वाट तर तिथेच होती. आक्षेपात तथ्य आहे. नुसत्या वाटेने राजधानी होत नाही. पण औरंगजेबाने हीच जागा का निवडली, याचे उत्तर राजाच्या इच्छेत सापडत नाही. मुघलांची सरहद्द दक्षिणेकडे सरकली होती. बऱ्हाणपूर मागे, नद्या आणि घाटांपलीकडे पडले होते. उत्तरेची रसद ज्या वाटेने येई, तिच्याशी जोडलेले पठारावरचे ठिकाण त्यांना हवे होते. राजधानी गेल्यावरही वाटेचे महत्त्व संपले नाही. 1803 मध्ये शिंद्यांची फौज अजिंठ्याच्या घाटानेच वर आली आणि त्या मोहिमेचा निकाल असईच्या रणांगणावर लागला.

वाटेचा जोर खरोखर ओसरला तो रेल्वेने. मुंबईहून निघालेला लोहमार्ग मनमाड-भुसावळकडे गेला, औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, प्रवासी नांदगावला उतरून टांग्याने येऊ लागला, आणि 1900 मध्ये मनमाड-हैदराबाद मार्गाने शहराला स्वतःचे स्थानक मिळाले, तेही नैऋत्येला. उत्तरेचा दिल्ली दरवाजा आता शहराचे मुख्य प्रवेशद्वार उरला नाही. आज अजिंठ्याला जाणारे लाखो पर्यटक लेणी पाहून परततात. फर्दापूरची सराई, अजिंठा गावाची तटबंदी आणि दिल्ली दरवाजा एकाच रस्त्याचे टप्पे आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. पुरातत्त्व आणि पर्यटन खात्यांनी या खुणा एका मार्गाचा वारसा म्हणून एकत्र जपाव्यात, आणि बऱ्हाणपूरची सहल आखणाऱ्याने त्या वाटेत थांबून पाहाव्यात.