मचाणाची किंमत : मध्य भारतातील हरिणांची शिकार, शेतकऱ्याचा माळा आणि कायदा (१८६१–१९९१)

प्रस्तावना

वसाहतकालीन शिकारीच्या इतिहासलेखनात बंदूक, हत्ती आणि वाघ यांना मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. जॉन मॅकेन्झी यांनी 'द एम्पायर ऑफ नेचर' (१९८८) या ग्रंथात शिकार हा साम्राज्यसत्तेच्या प्रदर्शनाचा विधी कसा होता हे दाखवून दिले. महेश रंगराजन यांनी 'फेन्सिंग द फॉरेस्ट' (१९९६) या ग्रंथात मध्य प्रांतातील वनधोरण, वनवासी व वन्यजीव यांच्या संबंधांचा साक्षेपी वेध घेतला. या दोन्ही अभ्यासांमुळे शिकार हा केवळ करमणुकीचा विषय नसून सत्ता, जमीन व श्रम यांच्याशी निगडित असलेला ऐतिहासिक प्रश्न आहे, हे मान्य झाले. तथापि शिकारी ज्या जागी बसत असे त्या जागेकडे, म्हणजेच मचाणाकडे, स्वतंत्रपणे फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

मचाण ही वरवर पाहता अत्यंत साधी व अल्पखर्ची वस्तू होय. झाडाच्या दुबेळक्यात बांधलेली खाट किंवा बांबूंचा ताटवा, भोवती पालवीचा आडोसा आणि चढण्यासाठी एखादी शिडी, एवढाच तिचा पसारा असतो. परंतु एखादी वस्तू स्वस्त असते तेव्हा ती कोणासाठी स्वस्त असते आणि तिचा उरलेला खर्च कोण सोसतो, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात मध्य भारतातील, विशेषतः पूर्वीच्या मध्य प्रांतातील व आजच्या विदर्भातील, हरिणवर्गीय प्राण्यांच्या शिकारीच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे व व्याप्ती

१) शेतकऱ्याचा माळा आणि शिकाऱ्याचे मचाण यांतील साम्य व भेद स्पष्ट करणे.
२) शिकारीच्या विविध पद्धतींची निवड खर्च, श्रम व प्रतिष्ठा यांवर कशी अवलंबून होती ते पाहणे.
३) १८७८ ते १९९१ या काळातील कायद्यांनी मचाणावर बसण्याच्या अधिकारात कोणते बदल घडवून आणले त्याचा आढावा घेणे.

अभ्यासाचा प्रारंभबिंदू म्हणून मध्य प्रांताच्या स्थापनेचे १८६१ हे वर्ष आणि अखेर म्हणून वन्यजीव संरक्षण अधिनियमात मूलगामी दुरुस्ती झाली ते १९९१ हे वर्ष घेतले आहे. चितळ, सांबर, भेकर व बारशिंगा हे शास्त्रीयदृष्ट्या हरिणवर्गातील प्राणी होत. काळवीट व नीलगाय (वऱ्हाडात 'रोही') हे कुरंगवर्गात मोडतात. मात्र शेतपिकांची राखण आणि शिकारीचे नियम यांच्या दृष्टीने हे दोन्ही वर्ग एकत्रच येत असल्याने आवश्यक तेथे कुरंगांचाही उल्लेख केला आहे.

माळा आणि मचाण

मचाणाचे मूळ शिकारीत नसून शेतीत आहे, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. शेत राखणे ही या भूमीतील अतिप्राचीन कामगिरी असून हालाच्या 'गाथासप्तशती'तही शेत राखणाऱ्या स्त्रियांची चित्रे आढळतात. ज्वारी, तूर वा भात उभे असताना शेताच्या मध्यभागी किंवा रानाच्या कडेला चार मेढींवर माळा उभारावयाचा, वर गवताचे छप्पर घालावयाचे, दिवसा गोफणीने पाखरे हाकावयाची आणि रात्री हाळ्या देऊन, डबे वाजवून व शेकोटी पेटती ठेवून चितळ, रोही व रानडुकरे यांना दूर ठेवावयाचे, हा क्रम विदर्भातील जंगललगतच्या गावांना अपरिचित नाही. या रात्रीच्या राखणीस 'जागल' ही समर्पक संज्ञा आहे.

शिकाऱ्याच्या मचाणाचा उद्देश नेमका याच्या उलट असतो. माळा प्राण्याला दिसावा आणि त्यावरील माणसाचा आवाज दूरवर जावा, अशी अपेक्षा असते; मचाण मात्र दिसू नये व त्यावरील माणसाची चाहूलही लागू नये. त्यामुळे मचाणाची जागा निवडताना अनेक गोष्टींचे भान ठेवावे लागे. हरणांचे घ्राणेंद्रिय तीव्र असल्याने वाऱ्याची दिशा प्रथम पाहावी लागे. उंचीमुळे माणसाचा वास बऱ्याच अंशी जनावराच्या डोक्यावरून निघून जातो आणि हरणे सहसा वर पाहत नाहीत, हे मचाणाचे दोन प्रमुख लाभ होत. परंतु मचाण फार उंच बांधल्यास नेम धरण्याचा कोन अवघड होतो. झाड जिवंत व भक्कम हवे, त्याची पानगळ झालेली नसावी आणि तोडलेल्या फांद्या लवकर सुकून जनावरास संशय येऊ नये म्हणून आडोशाची पालवी ताजी हवी. पाणवठा, खारी माती चाटण्याची जागा, मोहफुले गळणारे झाड अथवा शेताची कड, यांपैकी योग्य ठिकाण निवडण्यासाठी ठशांचे व वाटांचे ज्ञान अनिवार्य होते.

हे ज्ञान बंदूकधारी साहेबाकडे क्वचितच असे. ते गोंड, बैगा, कोरकू यांच्यासारख्या वनवासी समाजांकडे होते. मचाणाचे साहित्य रानातून विनामूल्य मिळे, खाट गावातून येई आणि जागेची निवड स्थानिक वाटाड्या करी. मचाणाची स्वस्ताई प्रथमतः येथे दिसून येते.

शिकारीच्या पद्धती व त्यांची प्रतवारी

कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचा 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' (१८७१) आणि वनाधिकारी ए. ए. डनबार ब्रँडर यांचा 'वाइल्ड ॲनिमल्स इन सेंट्रल इंडिया' (१९२३) हे या प्रदेशाविषयीचे दोन महत्त्वाचे ग्रंथ होत. या काळातील शिकारवाङ्मयाचे वाचन करता शिकारीच्या पद्धतींची एक प्रतवारी दिसून येते. हत्तीवरून होणारी शिकार ही सर्वांत खर्चिक असून ती प्रामुख्याने वाघासाठी असे. हत्ती, माहूत व चारा यांचा भार संस्थानिक, उच्चाधिकारी किंवा सरकारी खातीच उचलू शकत. हरणांच्या बाबतीत डोंगरातून पायी माग काढून केलेली शिकार ही सर्वांत प्रतिष्ठेची मानली जाई. तिला पैसा कमी, परंतु फुरसत, शारीरिक क्षमता आणि रानात मुक्त संचाराचा परवाना आवश्यक असे. तिसरी पद्धत हाक्याची. तीत गावकऱ्यांच्या रांगा आरडाओरडा करीत रान उठवीत आणि शिकारी मचाणावर वा झाडाआड वाट पाही. चौथी पद्धत म्हणजे पाणवठ्यावर किंवा शेताच्या कडेला एकट्याने मचाणावर बसणे.

या चौथ्या पद्धतीला खर्च सर्वांत कमी आणि मानही सर्वांत कमी. तहानेने पाण्यावर आलेल्या हरणास टिपणे हे 'खेळा'च्या नीतीस धरून नाही, असा संकेत शिकारवाङ्मयात रूढ झाला. प्राणिसंरक्षणाच्या दृष्टीने हा संकेत हितकर होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात मोजक्याच पाणवठ्यांवर एकवटलेल्या कळपांची अशा शिकारीने अपरिमित हानी होऊ शकते. परंतु याच संकेताचा दुसरा परिणामही लक्षात घ्यावयास हवा. ज्याच्याकडे फुरसत व दूर पल्ल्याची बंदूक आहे त्याची शिकार 'खेळ' ठरली, तर ठासणीची बंदूक वा धनुष्यबाण घेऊन जवळून नेम धरणाऱ्या गावकऱ्याची शिकार ही 'चोरटी शिकार' ठरली. फाशांनी हरणे पकडणारे फासेपारधी तर या नीतीच्या पूर्णतः बाहेर फेकले गेले. वाघासाठी त्याच साहेबाने मचाणावर बसणे मात्र सर्वमान्य होते. सारांश, मचाण हे स्वतः नीतीचे वा अनीतीचे नव्हते. त्यावर कोण बसले आहे यावरून त्याची प्रत ठरत होती.

श्रमाचा हिशेब

मचाण बांधणे, आडोसा करणे, मोक्याच्या जागी आडवे येऊन जनावर वळविण्यासाठी झाडांवर माणसे बसविणे, हाका घालणे, मारलेले जनावर वाहून आणणे ही सर्व कामे गावकरी करीत. हाक्याला येणाऱ्यांना काही आणे मजुरी, कधी मांसाचा वाटा मिळे. परंतु हे श्रम सर्वस्वी ऐच्छिक होते असे म्हणता येत नाही. मध्य प्रांतात वनखात्याने राखीव जंगलांत वसविलेल्या वनग्रामांतील रहिवाशांवर खात्याच्या कामासाठी मजूर पुरविण्याचे बंधन असे. मालगुजारी गावांतही अधिकाऱ्याच्या दौऱ्यासाठी वेठबिगारीची प्रथा होती. अशा परिस्थितीत साहेबाच्या मुक्कामासाठी मचाण बांधण्यास नकार देणे हे कितपत शक्य होते, हे सांगण्यास वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

हाक्याचा हंगाम उन्हाळ्याचा असल्याने रब्बीची मळणी व मोहवेचणी यांच्याशी त्याचा संघर्ष होई. मोहफुलांचे दिवस हे वनवासी कुटुंबाच्या वर्षभराच्या अन्नाचे दिवस असतात. त्या दिवसांतील एक सकाळ गमावणे म्हणजे काय, याचा हिशेब शिकारीच्या दैनंदिनीत आढळत नाही. मचाण परवडण्याजोगे होते ते या न लिहिलेल्या खर्चामुळे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कायदा आणि मचाणावर बसण्याचा अधिकार

१८७८ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक आहे. त्या वर्षीच्या वन अधिनियमाने राखीव जंगलातील शिकार नियमबद्ध केली आणि त्याच वर्षीच्या शस्त्र अधिनियमाने भारतीयांना बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला. युरोपियनांना त्यातून प्रारंभी सूट होती. राखीव जंगलांचे शिकारगट पाडून परवाने देण्याची पद्धत पुढे रूढ झाली. अशा रीतीने एकाच झाडावरील मचाण परवानाधारकास विहित आणि ते बांधणाऱ्यास निषिद्ध ठरले.

१९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत हरणांचा समावेश होता आणि त्यान्वये बंदी काळ ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. मात्र या अधिनियमात एक महत्त्वाचा अपवाद होता. स्वसंरक्षणार्थ, तसेच मालमत्तेच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या प्राणिहत्येस तो लागू नव्हता. म्हणजेच माळ्यावर बसून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याचा अधिकार, निदान तत्त्वतः, मान्य करण्यात आला होता. पीकसंरक्षणासाठी बंदुकीचे परवानेही दिले जात. या सवलतीचा आडोसा घेऊन शिकार होते, अशी तक्रार त्या काळातील शिकारी व वनाधिकारी वारंवार करीत, आणि ती निराधार नव्हती.

स्वातंत्र्यानंतर बंदुकांचा व मोटारींचा प्रसार झाला. १९५० व १९६० च्या दशकांत नागपूरसारख्या शहरांतून परदेशी पाहुण्यांसाठी शिकारसहली योजणाऱ्या व्यावसायिक कंपन्या कार्यरत होत्या. हरणांची स्थिती खालावत गेली. कान्हा येथे १९३३ साली अभयारण्य आणि १९५५ साली राष्ट्रीय उद्यान होऊनही, १९७० च्या सुमारास तेथील कठीण जमिनीवरील बारशिंग्यांची संख्या ६६ पर्यंत खाली आली होती. या ऱ्हासास शिकारीबरोबरच कुरणांची अवनती इत्यादी अन्य कारणेही होती. तथापि कठोर कायद्याची निकड त्यामुळे अधोरेखित झाली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने सुरुवातीस शिकार पूर्णतः बंद केली नव्हती. चितळ व सांबर यांच्यासाठी परवान्याची तरतूद होती. मात्र कलम १७ अन्वये पाणवठ्यावर, खारी माती चाटण्याच्या जागी व तेथे जाणाऱ्या वाटांवर शिकार करण्यास मनाई करण्यात आली. पाणपक्षी व पखुर्डी यांचाच काय तो अपवाद होता. शिकाऱ्यांचा जुना संकेत अशा रीतीने कायद्यात उतरला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची व्यवस्थाच संपुष्टात आणली आणि कलम १७ ही अनावश्यक ठरून वगळण्यात आले.

या प्रवासातील एक बदल मात्र पुरेसा चर्चिला गेलेला नाही. १९१२ च्या कायद्यातील 'मालमत्तेचे रक्षण' हा सर्वसाधारण अपवाद १९७२ च्या कायद्यात राहिला नाही. सद्भावनेने स्वतःच्या वा इतरांच्या जीविताचे रक्षण करणे एवढ्यापुरताच तो सीमित झाला. उभ्या पिकांच्या हानीचा विचार कायद्याने केला, परंतु तो अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीच्या स्वरूपात. हक्काचे रूपांतर परवानगीत झाले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मचाण हे माळ्याचेच रूपांतर होय, त्याची रचना, साहित्य व स्थाननिवडीचे ज्ञान ही स्थानिक समाजाची देणगी होती.
२) मचाणाची स्वस्ताई ही तंत्रातून कमी आणि सक्तीच्या वा अल्पमोलाच्या श्रमातून अधिक निर्माण झाली होती.
३) 'खेळा'च्या नीतीने प्राणिसंरक्षणास हातभार लावला, परंतु त्याच वेळी गरिबाची पद्धत गुन्हेगारीच्या कक्षेत ढकलली.
४) १९१२ ते १९७२ या काळात हरणांना मिळालेले संरक्षण वाढत गेले आणि ते आवश्यकच होते; मात्र त्या संरक्षणाचा भार ज्यांच्या शेतावर पडला त्यांच्या जागलीचा हिशेब कायद्याने पुरेसा मांडला नाही.

मेळघाट व ताडोबा येथे बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा महाराष्ट्रात सुपरिचित आहे. बंदुकीची जागा वहीने व दुर्बिणीने घ्यावी, हे मचाणाच्या इतिहासातील स्वागतार्ह परिवर्तन होय. परंतु जंगलाच्या कडेला शेतकऱ्याचा माळा आजही उभा आहे आणि पीक हाती येईपर्यंतची प्रत्येक रात्र तेथे जागून काढावी लागते. ज्याला ही जागल परवडत नाही तो कधी कुंपणात वीजप्रवाह सोडण्याच्या बेकायदेशीर मार्गाकडे वळतो. हा मार्ग जनावरांप्रमाणेच माणसांच्याही जिवावर बेततो. वन्यजीव संरक्षणाच्या खर्चाचा विचार करताना पाणवठ्यावरील मचाणाबरोबर शेतातील माळ्याचीही गणना झाली, तरच हा हिशेब पूर्ण होईल.