लक्षद्वीपमधील स्कूबा डायव्हिंग

लक्षद्वीपमधील स्कूबा डायव्हिंग हा भारताच्या लक्षद्वीप या केंद्रशासित प्रदेशातील पर्यटनाचा एक प्रमुख प्रकार आहे. केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० ते ४४० किलोमीटर अंतरावर, अरबी समुद्रात पसरलेल्या ३६ बेटांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. सर्व बेटांचे एकत्रित क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३ आहे. नकाशावर ही बेटे एकसारखी भासत असली, तरी समुद्र, समाज आणि दळणवळण या तिन्ही बाबतींत त्यांच्यात मोठा फरक आहे. प्रवेशपरवान्यात बेटाचे नाव नमूद होत असल्याने बेटाची निवड प्रवासापूर्वीच करावी लागते.

भूरचना

लक्षद्वीप हे भारतातील कंकणद्वीपांचे एकमेव मोठे क्षेत्र होय. समुद्रात बुडालेल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रवाळांनी हजारो वर्षांत चुन्याचे कडे उभारले आणि त्या कड्यांवर साचलेल्या वाळूतून ही बेटे तयार झाली. बहुतेक ठिकाणी जमीन कड्याच्या पूर्व बाजूस आणि उथळ खारकच्छ, म्हणजे लगून, पश्चिमेस असते. खारकच्छात पोहणे व नवशिक्यांचे शिक्षण चालते. खरी डुबकी मात्र बाहेरच्या उतारावर, जेथे प्रवाळभित्ती एकदम खोल समुद्रात उतरते तेथे घेतली जाते. आंद्रोत हे क्षेत्रफळाने सर्वांत मोठे बेट असूनही त्याला खारकच्छ जवळजवळ नाही.

या समुद्राची पारदर्शकता प्रसिद्ध आहे. तिचे कारण साधे आहे: बेटांवर एकही नदी नाही. महाराष्ट्रात मालवण-तारकर्ली परिसरात हाच छंद लोकप्रिय झाला आहे. परंतु तेथे नद्या व खाड्यांतून येणारा गाळ पाण्यात मिसळत असल्याने दृश्यता मर्यादित राहते. नदी नसल्याची दुसरी बाजू बेटवासीयांना भोगावी लागते. वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा पातळ थर हाच त्यांचा पूर्वापार गोड्या पाण्याचा साठा आहे. उपसा वाढला की विहिरी खाऱ्या होतात. या टंचाईवर उपाय म्हणून कवरत्ती येथे २००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला. अशा बेटावर पर्यटकांची संख्या किती असावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ खोल्यांच्या उपलब्धतेचा राहत नाही.

बेटाची निवड

बंगारम हे निर्जन बेट केवळ समुद्रासाठी येणाऱ्यांना सोयीचे आहे. अगत्तीपासून बोटीने तेथे जाता येते. तेथे पर्यटकनिवास आहे. गाव मात्र नाही. त्यामुळे द्वीपजीवन पाहण्याच्या अपेक्षेने गेलेल्याची निराशा होण्याचा संभव असतो.

अगत्ती येथे प्रदेशातील एकमेव विमानतळ आहे. तेथील खारकच्छात हिरवी समुद्रकासवे मोठ्या संख्येने दिसतात. पर्यटकांना ती प्रिय असली, तरी स्थानिक कोळ्यांची त्यांच्याबद्दल तक्रार आहे. कासवे समुद्री गवत फस्त करतात आणि गवत संपले की त्यात वाढणारी मासळीही घटते, हा त्यांचा अनुभव असून अभ्यासकांनीही समुद्री गवताच्या ऱ्हासाची नोंद केली आहे.

कदमत हे आठ-नऊ किलोमीटर लांब आणि अतिशय अरुंद बेट आहे. जलक्रीडांची सोय व नांदते गाव या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र मिळतात. प्रथमच डायव्हिंग करणाऱ्यासाठी ही निवड अधिक योग्य ठरते.

मिनिकॉय सर्वांत वेगळे आहे. नऊ अंश खाडीने ते उर्वरित बेटांपासून विलग झाले असून भाषेने व चालीरीतींनी मालदीवला जवळचे आहे. इतर बेटांवर मलयाळमची जेसरी ही बोली चालते, तर येथे धिवेहीचे रूप असलेली महल भाषा बोलली जाते. वस्ती पारंपरिक गावांत विभागलेली असून प्रत्येक गावाचा प्रमुख आणि सामाईक कामांची व्यवस्था स्वतंत्र असते. मातृवंशीय परंपरेमुळे घरात व गावकारभारात स्त्रियांना महत्त्वाचे स्थान आहे. ब्रिटिश काळात, १८८५ मध्ये उभारलेला दीपस्तंभ आजही कार्यरत आहे.

येथील मुख्य व्यवसाय टुना, म्हणजे कोकणातील कुपा, या माशाची मासेमारी हा आहे. जाळे न वापरता जिवंत आमिष समुद्रात फेकतात, माशांचा थवा नावेजवळ येतो आणि एकेक मासा गळाने उचलला जातो. उकडून, धुरी देऊन वाळवलेला कुपा ‘मास’ या नावाने ओळखला जातो. आमिषासाठी लागणारी बारीक मासळी खारकच्छातील प्रवाळांच्या आश्रयाने वाढते. डायव्हर ज्या प्रवाळांचे सौंदर्य पाहण्यास येतो, त्यांच्यावरच कोळ्याचा संसार चालतो. हे नाते मिनिकॉयइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसेल.

प्रवेश व प्रवास

१९६७ च्या नियमांनुसार बाहेरील भारतीयांनाही लक्षद्वीपमध्ये जाण्यासाठी परवाना आवश्यक असतो. विदेशी पर्यटकांना मोजक्याच बेटांवर प्रवेश मिळतो. कोचीहून विमानाने अगत्ती किंवा जहाजाने विविध बेटे गाठता येतात. जहाजाला बेटानुसार १४ ते २० तास लागतात. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ अनुकूल असतो.

स्कूबाच्या नळकांड्यात सर्वसाधारण समजुतीप्रमाणे शुद्ध प्राणवायू नसतो, तर दाबाखाली भरलेली साधी हवा असते. खोल पाण्यात त्या हवेतील नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि तो बाहेर पडण्यास वेळ लागतो. त्यामुळे अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळण्याचा संकेत आहे. विमानाने परतणाऱ्यांचा शेवटचा दिवस अशा रीतीने आपोआप गावासाठी, मशिदी व काथ्याचे उद्योग पाहण्यासाठी मोकळा राहतो.

प्रवाळांवरील संकट

समुद्राचे तापमान वाढले की प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकतात व पांढरे पडतात. यास विरंजन म्हणतात. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये लक्षद्वीपमध्ये मोठे विरंजन झाले. अगत्ती, कदमत व कवरत्ती येथील दीर्घकालीन निरीक्षणांनुसार १९९८ पासूनच्या सुमारे पाव शतकात जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळपास निम्म्याने घटले. अलीकडे दोन आघातांमधील अंतर दशकाहूनही कमी झाल्याने भित्ती पुन्हा भरून येण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. भित्ती दुबळी झाली की लाटांचा मारा थेट किनाऱ्यावर येतो. बंगारमच्या कंकणातील परळी १ हे निर्जन बेट धूप होऊन नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या भेटीनंतर या बेटांविषयीचे कुतूहल देशभर वाढले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात प्रवाळ पांढरे पडत होते. नवशिक्या डायव्हरच्या पायातील वल्ह्यांचा धक्काही प्रवाळाची फांदी मोडण्यास पुरेसा असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार प्रवाळ संरक्षित असून ते तोडणे वा आठवण म्हणून सोबत नेणे गुन्हा आहे.