शिनरिन-योकू (वनस्नान)

मनावरचा ताण हलका करण्यासाठी जंगलात सावकाश, पाचही इंद्रिये जागी ठेवून वावरण्याची जपानी पद्धती. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये तिचा पुरस्कार केला. नागानो प्रांतातील आकासावाचे हिनोकी (पहा : सायप्रस) वृक्षांचे, सुमारे ३०० वर्षे जुने वन हे तिचे आद्यस्थान. अंतर कापणे हा हेतू नसतो. सहभागी रेंगाळतात, झाडाची साल चाचपतात, ओल्या पाचोळ्याचा वास घेतात. संशोधक चिंग ली यांच्या अभ्यासांत वनातील मुक्कामानंतर रक्तातील नैसर्गिक मारक पेशींची (पहा : प्रतिकारक्षमता) क्रियाशीलता वाढलेली आढळली, झाडांतून हवेत मिसळणारी फायटनसाइड द्रव्ये हे त्याचे एक संभाव्य कारण मानतात. मात्र असे बरेच अभ्यास लहान गटांवरचे आहेत. शिवाय आपण जंगलात आहोत हे सहभागींपासून लपवता येत नाही, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते. निसर्ग आणि मन यांचे नाते अभ्यासणाऱ्या, थिओडोर रोझॅक यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या पारिस्थितिकीय मानसशास्त्राचा उगम या पद्धतीहून स्वतंत्र आहे. नैराश्यात (पहा : मानसोपचार) ही पद्धती पूरक म्हणूनच वापरतात.