गोदातीरावरील आचार्य बावरी

सुत्तनिपातातील पारायनवग्ग हा पालि वाङ्मयातील अतिप्राचीन भाग मानला जातो. त्याच्या आरंभीच्या वत्थुगाथांत बावरी नावाच्या आचार्याची कथा आहे. कोसल देशातून दक्षिणेत येऊन तो अस्सकांच्या प्रदेशात, गोदावरीच्या तीरावर राहत होता. पैठण ओलांडल्यावर हीच गोदावरी बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. वत्थुगाथा आश्रमाच्या गावाचे नाव देत नाहीत. म्हणून एखाद्या गावाने तो मान आपल्याकडे घेण्याचे कारण नाही. हा वारसा साऱ्या गोदाकाठाचा आहे.

पाचशे मुद्रांची मागणी पुरी न झाल्याने एका ब्राह्मणाने बावरीला शाप दिला, की सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील. भयभीत बावरीने आपले १६ शिष्य भगवान बुद्धांकडे पाठविले. पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशिनारा, वैशाली असा प्रवास करीत ते मगधातील पाषाणक चैत्यापाशी पोहोचले. अविद्या हेच ते मस्तक आणि विद्या हीच त्याचा भेद करणारी, असा उलगडा तथागतांनी केला. शापाचे भय तेथेच संपले.

अभ्यासक या गाथांना मूळ प्रश्नोत्तरांहून उत्तरकालीन मानतात. तरीही गोदाकाठ आणि मध्यदेश यांना जोडणारा मार्ग गाथाकारांच्या चांगल्या परिचयाचा होता, हे त्यातील नगरांच्या क्रमावरून दिसते.

मला शिक्षक म्हणून महत्त्वाचा वाटतो तो बावरीचा निर्णय. तो वेदपारंगत होता, वयोवृद्ध होता. परंतु आपल्याहून अधिक जाणणारा कोणी आहे हे कळताच त्याने शिष्यांना अडवून ठेवले नाही. त्यांतील पिंगिय हा वृद्ध शिष्य परत आला आणि त्याने जे जाणले ते गुरूला सांगितले. गुरू येथे श्रोता झाला.

गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन १७६३ च्या लढाईमुळे इतिहासाला ठाऊक आहे. त्याच नदीच्या काठावरील हा ज्ञानप्रवास जिल्ह्यातील किती विद्यार्थ्यांना माहीत असेल?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिळालेले ‘मिलिंद’ हे नाव भदंत नागसेनांना प्रश्न विचारणाऱ्या राजाचे आहे. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून दलित तरुण तेथे शिकण्यास गेले, तेव्हा विद्येसाठी घर सोडण्याची ती जुनी वाट पुन्हा वाहती झाली.

आज दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. आईबापांसोबत मुलेही जातात आणि अनेकांची शाळा अर्ध्यावर तुटते. विद्येकडे नेणाऱ्या प्रवासाचा इतिहास असलेल्या जिल्ह्यात हा प्रवास मुलांना विद्येपासून दूर नेतो. म्हणून येथील शिक्षकांनी बावरीची कथा वर्गात अवश्य सांगावी. आणि ती सांगताना वर्गातील कोणती जागा रिकामी आहे, तेही पाहावे. त्या मुलासाठी गावी राहण्याची सोय करणे किंवा तो जाईल तेथे शाळा मिळवून देणे, हे आचार्याचेच कार्य होय.