पगार, बलुतें आणि दफ्तर : नांदेड-लातूर भागांतील चाकरीच्या इतिहासाचीं साधनें

‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ या नांवाचें एक शास्त्र अलीकडे महाविद्यालयांतून शिकविलें जातें. चाकर कसा निवडावा, त्यास वेतन काय द्यावें, त्याची बदली व बढती कोणत्या न्यायानें करावी, हे त्याचे मुख्य प्रश्न होत. शास्त्राचें नांव नवें असलें तरी प्रश्न जुनेच आहेत. आणि नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या भूमींत त्यांचीं निरनिराळीं उत्तरें देऊन पाहिलीं गेलीं आहेत. प्रस्तुत लेखांत त्या उत्तरांचा थोडक्यांत विचार करून, जुन्या कागदांच्या संग्राहकांस एक विनंती करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिलें उत्तर गांवाचें. सुतार, लोहार, चांभार, महार, परीट, न्हावी इत्यादि बलुतेदारांनीं वर्षभर गांवाचें काम करावें आणि सुगींत खळ्यावर आपला वांटा घ्यावा. काम वंशपरंपरेचें असल्यामुळें निवड नाहीं, बडतर्फी नाहीं व बढतीही नाहीं. या व्यवस्थेचें सविस्तर वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत मिळतें. परंतु वतन हा जसा हक्क तसेंच तें बंधनही होतें, ही गोष्ट विसरतां कामा नये. शेजारच्या मुंबई इलाख्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें, तें महार वतनदारांस अल्प मोबदल्यांत अमर्याद राबावें लागे म्हणूनच.

दुसरें उत्तर निजामी सरकारचें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तालुके मक्त्यानें दिले जात. मक्तेदारानें सरकारांत ठरीव रक्कम भरावी आणि वसुलासाठीं आपलींच माणसें ठेवावींत. अर्थात् तीं माणसें दौलतीचीं नव्हेत, मक्तेदाराचीं. मक्ता सुटला कीं त्यांची चाकरीही सुटली. अशा वसुलावर फौजेचा पगार वेळेवर कोठून निघावा? हैदराबाद कंटिंजंटच्या पगारासाठीं कंपनी सरकारनें दिलेल्या रकमांचें कर्ज फुगत गेलें आणि २१ मे १८५३ च्या तहानें वऱ्हाडाबरोबर रायचूर दुआब व धाराशिव ऊर्फ नळदुर्ग हे प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं गेले. यांतील नळदुर्ग म्हणजेच पुढचा उस्मानाबाद जिल्हा. त्यांतूनच १९८२ सालीं लातूर जिल्हा वेगळा निघाला. १८६० च्या तहानें नळदुर्ग व रायचूर परत मिळाले आणि पन्नास लाखांचें कर्जही माफ झालें. वऱ्हाड मात्र इंग्रजांच्याच ताब्यांत राहिलें. लढाईंत हरल्यामुळें मुलूख गेल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. पगार थकल्यामुळें मुलूख गेल्याचें हें उदाहरण तितकेंच बोधप्रद आहे.

तिसरें उत्तर सर सालारजंग यांचें. तहानंतर थोड्याच दिवसांत ते दिवाण झाले. त्यांनीं मक्तेदार काढून पगारी अधिकारी नेमले व १८६५ च्या जिलाबंदीनें अव्वल, दुय्यम व तिसरा तालुकदार, त्यांच्या खालीं तहसीलदार, अशी पायऱ्यांची उतरंड बसविली. वेतनी चाकराची ही कल्पना महाराष्ट्रास अगदीं नवी नव्हती. गडावरील अधिकाऱ्यांच्या ठरलेल्या मुदतीनें बदल्या कराव्या, असें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत पूर्वींच सांगितलें होतें.

येथें संशोधकांनीं एक सावधगिरी बाळगावी. सालारजंगांनीं माणसें बदललीं, पण ‘तालुकदार’ हा शब्द तसाच ठेवला. त्यामुळें तो जुन्या कागदांत मक्तेदार या अर्थीं येतो आणि पुढील कागदांत पगारी अधिकारी या अर्थीं. कागदावर सन नसेल तर त्या नांवापुढें मक्त्याची रक्कम आहे कीं दरमहा वेतन आहे, हें आधीं पाहावें. निर्णयास तेवढ्यानें पुष्कळ साह्य होईल. असा पुरावा सनदेंत क्वचित् सांपडतो. तो बहुधा जमाखर्चाच्या बंदांत असतो.

आमची विनंती याच मुद्द्यावर आहे. आपण संग्राहक शिक्क्यामोर्तबाचीं फर्मानें व सनदा जपतों. पण त्याच रुमालांतील हजिरीचे पट, शिबंदीच्या याद्या, खळ्यावरील वांटणीचे हिशेब व बलुत्याच्या तंट्यांचे कागद क्षुल्लक म्हणून बाजूस टाकतों. ते पुढें रद्दींत जातात. सनद ही देणाऱ्याचें व घेणाऱ्याचें नांव सांगते. राबणाऱ्याचें नांव मात्र बहुधा हिशेबाच्या कागदांतच सांपडावयाचें. तो नाहींसा झाला तर त्या माणसाची दुसरी नोंद आपणांस कोठून मिळणार?

शोध करितांना आजच्या जिल्ह्यांच्या सीमा प्रमाण मानूं नयेत. उदगीर व अहमदपूर हे तालुके १९५६ पूर्वीं बीदर जिल्ह्यांत होते. तेव्हां त्यांचा माग बीदरकडेही काढला पाहिजे. मोडीबरोबर फारसी व उर्दू कागदही पाहिले पाहिजेत. केवळ मोडीवर विसंबल्यास सरकारी बाजू अपुरी राहील. कंधार, औसा व उदगीर येथील किल्ल्यांचा इतिहास लिहितांना तेथें कोण लढला हें आपण लिहितोंच. तेथें चाकरी कोणी केली व त्यास काय मिळालें, हेंही लिहिलें जावें. ज्यांच्या घरीं असे बंद असतील त्यांनीं ते झाडून, क्रम न मोडतां, निदान त्यांची यादी तरी करून ठेवावी.