इझुमी, अराता

इझुमी, अराता : (३१ जुलै १९८२ – ). जपानमधील शिमोनोसेकी येथे जन्मलेला व्यावसायिक फुटबॉलपटू. परदेशी नागरिकत्व सोडून भारतीय संघाकडून खेळलेला पहिला खेळाडू. वडील गुजराती, आई जपानी. भारतीय कागदपत्रांवरील त्याचे नाव नीलकंठ खांभोलजा. इंटरनेटवर यांपैकी कोणतेही नाव शोधले, तरी चेहरा एकच समोर येतो.

२००६ मध्ये तो ईस्ट बंगालकडे आला, पण त्याची खरी जडणघडण महाराष्ट्रात झाली : आधी मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि तो बंद होण्याच्या सुमारास पुणे एफसी. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात खेळणारा हा संघ २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. आक्रमक मधल्या फळीतला इझुमी त्या संघाचा कणा होता. क्रिकेटच्या शहरात फुटबॉलला प्रेक्षक मिळवून देणाऱ्यांत त्याचे नाव आवर्जून घ्यायला हवे.

ऑनलाइन लोकप्रियता : जपानी फुटबॉलपटू समाजमाध्यमांवर गाजतात ते बहुधा एखाद्या क्षणामुळे. काओरू मितोमाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १ डिसेंबर २०२२ रोजी कतारच्या विश्वचषकात त्याने चेंडू अंतिम रेषेवरून परत फिरवला, त्यातून स्पेनविरुद्धचा विजयी गोल झाला. वरून टिपलेल्या छायाचित्रात चेंडूचा जेमतेम मिलिमीटरभर भाग रेषेला धरून दिसतो. ते छायाचित्र जगभर फिरले, आणि जपानमध्ये 'मितोमाचा एक मिलिमीटर' हा वाक्प्रचारच होऊन बसला.

इझुमीची लोकप्रियता मात्र एका निर्णयातून आली. २००८ मध्ये केंद्र सरकारने भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनाच देशाकडून खेळता येईल असे ठरवले. दुहेरी नागरिकत्व भारताला मान्य नाही आणि प्रौढ जपानी नागरिकाला ते जपानही देत नाही. म्हणजे एक पासपोर्ट सोडणे भागच होते. जगात कुठेही सहज प्रवेश मिळवून देणारा जपानी पासपोर्ट त्याने सोडला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून उतरला. तेव्हा तो तिशीत होता. त्याचे आंतरराष्ट्रीय सामने दहाच्या आतच राहिले. तरीही भारतीय संघ हरला की 'परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंना घ्या' ही चर्चा समाजमाध्यमांवर पेटते आणि त्याचे नाव हमखास निघते. २०२५ मध्ये बंगळूरू एफसीच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडले, तेव्हाही सगळ्यांना आधी इझुमीच आठवला. विल्यम्सची आई मूळची मुंबईची.

ही कीर्ती गोलांच्या आकड्यांत मोजणे चुकीचे आहे. देशासाठी एवढी किंमत मोजणारा खेळाडू भारतीय फुटबॉलने त्याआधी पाहिला नव्हता.

पुढे तो एटीके, एफसी पुणे सिटी आणि केरळ ब्लास्टर्स या संघांकडूनही खेळला. निवृत्तीनंतर त्याने नवी मुंबईतील रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स अकादमीत मुलांना प्रशिक्षण देण्याचे काम पत्करले.